शरयूताईंचं वायार्ता

साउथहॅम्प्टनला येऊन मला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा शरयूताई बर्व्यांनी मला पोस्टाचा रस्ता सांगितला आणि मी चुकले. घरातून निघून उजवीकडे वळ, कपडे धुवायच्या लाँड्रेटवरून खाली उतर, चढ लागला की पहिली गल्ली सोड, मग नदी लागेल, तिच्यावरचा झुलता पूल ओलांड, पलीकडे बाजार आणि बाजाराच्या तोंडाशीच पोस्ट, असं त्यांनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. लाँड्रेट सापडलं, उतार सापडला, चढही सापडला. नदी काही सापडेना. अंगात नवऱ्याचा ओव्हरकोट, काखेत सासूबाईंना पाठवायचं पार्सल, अशा अवतारात मी आमच्या पोर्ट्सवुड भागातल्या गल्ल्यांतून झुलता पूल हुडकत हिंडत होते. शेवटी एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईला विचारलं. तिनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि सांगितलं की झुलता पूल या गावात नाही आणि तिच्या आठवणीत कधी नव्हता. नदी आहे, पण ती तिकडे दूर आणि तिच्यावरचे पूल चांगले भक्कम आहेत.

परत येऊन मी ही हकीकत जरा फणकाऱ्यानंच ऐकवली. शरयूताई हसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा पोळपाटावरचा हात थांबला. ‘अगं अलके,’ त्या म्हणाल्या, ‘मी तुला तिकडचा रस्ता सांगितला.’ तिकडचा म्हणजे कुठला, ते त्या बोलल्या नाहीत. तव्यावरची पोळी करपायला लागली होती, ती त्यांनी उलटली. दुसऱ्या दिवशी मला स्वतः बरोबर घेऊन पोस्टात नेलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्याची. माझा नवरा श्रीनिवास मुलांच्या वॉर्डात रजिस्ट्रार म्हणून लागला होता आणि मी, पुण्यात फार्मसिस्ट म्हणून बऱ्यापैकी रुबाबात वावरलेली बाई, तिथं येऊन दुधाच्या बाटल्यांची झाकणं रंगावरून ओळखायला शिकत होते. शरयूताई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. त्यांचे यजमान डॉक्टर बर्वे छातीच्या विकारांचे कन्सल्टंट. खूप आधी आलेले, मितभाषी, घरातही टाय लावून बसणारे. गावातल्या हॉस्पिटलांत जो कोणी मराठी डॉक्टर नोकरीला येई, त्याची बायको पहिल्या आठवड्यात शरयूताईंच्या ताब्यात जायची. गाव ओळखीचं करून देणं हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्यांची पद्धत त्यांचीच होती. नकाशा हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. ‘नकाशा वरून बघतो. तू काय घार आहेस?’ असं विचारून त्या माझ्या हातातला नकाशा काढून घ्यायच्या. गाव पायांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चढ कुठं लागतो, दम कुठं लागतो, पावाच्या भट्टीचा वास कुठल्या कोपऱ्यावर येतो, वारा कुठं एकदम तोंडावर येतो, हे सगळं त्या चालवून चालवून शिकवायच्या. पाचवारी साडी, वर लोकरीचं जाडजूड जॅकेट आणि पायात शाळेच्या पोरांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट. चालायच्या अशा की मागून येणारीची दमछाक व्हावी. आठवड्याभरात मला ते गाव आंधळ्या कोशिंबिरीतही सापडलं असतं.

त्यांच्या दोन गोष्टी मात्र मला कोड्यात टाकायच्या. हिवाळ्यात आम्ही सगळ्या बायका तिथं फिकट पडायचो. चारच्या आत अंधार, ऊन म्हणून दिसायचं नाही, आरशात बघावंसं वाटायचं नाही. शरयूताई मात्र भर जानेवारीतही रापलेल्या. नाकाचा शेंडा आणि कपाळ उन्हात हिंडून आल्यासारखं काळवंडलेलं. आम्ही चेष्टा करायचो की ताई गच्चीवर लपून गव्हाच्या कुरडया-पापड घालतात. त्या हसून विषय बदलायच्या.

दुसरी गोष्ट त्यांची दुपारची झोप. डॉक्टर क्लिनिकला गेले की त्या फोनचा रिसीव्हर काढून ठेवायच्या, पडदे ओढायच्या आणि कोचावर आडव्या व्हायच्या. त्या वेळेत घराला आग लागली तरी उठवायचं नाही, असा मीनलला, म्हणजे त्यांच्या लेकीला, लहानपणापासून दम होता. उठल्यावर त्या आधी परातीत गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसायच्या. मी एकदा विचारलं, ताई, आज कुठं चालून आलात एवढ्या? ‘बाजारापर्यंत,’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्याच घरी पडद्यांना दुमड घालत बसले होते आणि त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. औषधं देणाऱ्या बाईचं डोकं माझं. मी मनात थायरॉइड, रक्तदाब, काय काय तपासून पाहिलं.

त्यांच्या दिवाणखान्यात एका तरुणाचा फोटो होता. गळ्यात कॅमेरा, डोळे शरयूताईंचे. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. फोटोला हार नव्हता. एकदा डॉक्टर पुण्याहून चंदनाच्या सालींचा हार घेऊन आले, तर शरयूताईंनी तो त्यांच्या देखत भिंतीवरच्या घड्याळाला घातला. तो तिथंच कितीतरी वर्षं लटकत होता आणि आलेल्या पाहुण्याला वाटायचं की या घरात घड्याळाची पूजा करतात.

मला सगळं सांगितलं ते मीनलनं. ती तेव्हा कॉलेजात होती, मराठी बोलायची पण आपल्या पद्धतीनं. ‘तो माझी भाऊ आहे, अनी. अनिरुद्ध. तो क्रूझ शिपवर फोटोग्राफर होता. डॅडला ते अजिबात आवडलं नव्हतं.’ साउथहॅम्प्टनच्या गोदीतून मोठाली जहाजं सुटायची आणि अनी अशाच एका जहाजावर चढला होता. डॉक्टरचा मुलगा, आणि लोकांचे हसरे फोटो काढतो, यावर मंडळींत बरीच कुजबुज झाली होती म्हणे. पुढं त्याचं जहाज मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याला लागलं. प्वेर्तो वायार्ता नावाचं सहलीचं गाव आहे तिथं. अनी सकाळी उतरला. संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा तो त्यावर नव्हता. गावाच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्याचा घडी केलेला शर्ट आणि बूट मिळाले. पोहायला गेला आणि बुडाला, असं तिथल्या पोलिसांनी ठरवलं. समुद्रानं काही परत दिलं नाही. डॉक्टर जाऊन आले, दोन्ही वस्तू घेऊन आले. शरयूताई गेल्या नाहीत. ‘आईचा डोकं ठीक आहे, ओके?’ मीनल म्हणाली. ‘ती फक्त मानत नाही. बॉडी नाही तर डेथ नाही, असं ती म्हणते.’

‘तिकडचा’ म्हणजे कुठला, ते मला तेव्हा समजलं. शरयूताईंनी ते गाव पाठ केलं होतं. कसं, याबद्दल माझा एक सरळ हिशेब होता. गोदीवर खलाशी येतात, त्यांच्यातले पुष्कळ तिकडून आलेले असतात, बाई त्यांना खोदून खोदून विचारत असणार, लायब्ररीत चित्रांची पुस्तकं असतात. या हिशेबात मला काही वर्षं छान झोप लागली. ती मोडली पाटणकरांनी.

डॉक्टर पाटणकर भूल देणारे. सगळं जग आपल्याला ठाऊक आहे, अशी भूल त्यांनी स्वतःला कधीच देऊन टाकलेली होती. ते सपत्नीक सुट्टीला नेमके वायार्ताला निघाले आणि निरोप घ्यायला म्हणून बर्व्यांकडे आले. मीही तिथं होते. शरयूताईंनी खुर्ची पुढं ओढली आणि गाव सांगायला सुरुवात केली. मोठी हॉटेलं उत्तरेला, तिथं काही बघायचं नाही, फक्त राहायचं. पायाखाली गोटे-गोटे असलेला फरसबंदीचा रस्ता लागला की खरं गाव सुरू झालं असं समजायचं. चर्चच्या माथ्यावर मोठा मुकुट आहे, हरवलात तर मान वर करून तो शोधायचा. मधून नदी जाते, नदीत बेट आहे, बेटावर बाजार, आणि दोन्हीकडे झुलते पूल. उत्तरेकडची मोठी नदी ओलांडलीत तर तिथं दुसरं राज्य लागतं, घड्याळ तासभर मागं करा. बाजाराच्या मागं चढावर निळं दार आहे, तिथल्या कुत्र्याच्या अंगाला हात लावू नका, बिचाऱ्याचा पुढचा डावा पाय दुखावलाय.

पाटणकर मिश्किल हसले. परत आले ते हसणं तिकडेच ठेवून. घड्याळाचं त्यांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे नदीपलीकडच्या एका बड्या हॉटेलात जेवणाच्या आमंत्रणाला ते तासभर आधी जाऊन, रिकाम्या टेबलांच्या मधोमध सूट घालून बसले होते. ही गोष्ट त्यांच्या बायकोनं आम्हाला रंगवून सांगितली आणि आम्ही पोटभर हसलो. मग ती थांबली. म्हणाली, निळं दार होतं. कुत्रा होता. त्याच्या पुढच्या डाव्या पायाला पट्टी बांधलेली होती, आणि पट्टी नवी होती. त्यानंतर पाटणकरांनी बर्व्यांच्या घरी पाऊल ठेवलं नाही. समोरून शरयूताई येताना दिसल्या तर ते रस्ता बदलायचे. आणि इतक्या लोकांना शरयूताईंनी गाव सांगितलं, पण तिथं माझ्या अनीला बघा असं कुणालाही कधी म्हणाल्या नाहीत. त्या स्वतःच तिथं जाऊन बघत असणार, हे लक्षात आल्यावर मला त्यांची भीती वाटायला लागली. खोटं कशाला बोलू, प्रेम होतं तितकीच भीती होती.

अनी बेपत्ता झाल्याला अशी बारा वर्षं झाली. आपल्याकडे माणूस बेपत्ता झाला आणि बारा वर्षं त्याचा पत्ता लागला नाही, तर तो गेला असं धरून पालाशविधी करतात. दर्भाची आणि पळसाच्या पानांची त्याची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, मंत्र म्हणून तिला अग्नी द्यायचा, आणि मग माणूस गेल्यावर करतात ते सगळं करायचं. डॉक्टर बर्वे देवाधर्माच्या नादी कधी लागले नव्हते. पण त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. एक झटका येऊन गेला होता, दुसऱ्याची ते एखाद्या पेशंटला सांगावं तशा शांतपणे वाट बघत होते. त्यांनी तयारीही करून ठेवली. लेस्टरचे एक गुरुजी ठरवले. पळसाची पानं पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी सुटकेसमधून मागवली. इंग्लंडात घरामागच्या बागेत जाळ केला तर शेजारी तक्रार करतात, यावरही त्यांनी तोड काढली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथं घरोघर शेकोट्या पेटवतात, गवताचा जुन्या कपड्यातला माणूस करून जाळतात, आतषबाजी करतात. त्या संध्याकाळी धुराकडे कोण बघणार?

शरयूताई नाही म्हणाल्या. आकृती जाळणं म्हणजे पोराला जिवंत जाळणं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या समोर एका रविवारी दुपारी डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘शरयू, माझ्या पोराला मला माझ्या हातानं अग्नी द्यायचाय. माझ्याकडे फार वेळ नाही.’ या माणसाचा आवाज मी तोवर कधी चढलेला किंवा पडलेला ऐकला नव्हता. तो त्या दिवशी फाटला. शरयूताईंनी कप उचलले आणि आत जाऊन बराच वेळ विसळत राहिल्या. तो नोव्हेंबर जवळ आला होता. पानं फडताळात वाळत पडली.

त्याच ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारची वेळ, शरयूताई कोचावर झोपलेल्या आणि मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी भाजी चिरत होते, कारण डॉक्टरांचं पथ्य सांभाळून त्या दमल्या होत्या. त्या एकदम उठून दारात आल्या. केस विस्कटलेले, श्वास लागलेला. ‘अगं, मुकुट पडला,’ म्हणाल्या. ‘सगळं हललं आणि मुकुट खाली आला. धूळ बघ किती.’ आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बारीकशी बातमी होती, मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याला भूकंप. चर्चचा, मुकुटाचा त्यात उल्लेख नव्हता. मी ते पान डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

त्या पडझडीनं शरयूताई खचल्या. ज्या खुणांवर मी चालते त्या पडायला लागल्या, आता मला तिथं वाट कशी सापडायची, असं त्या मला म्हणाल्या. आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं. झोपेत पायी जाता येईल तिथवर सगळं गाव त्यांनी पालथं घातलं होतं. फक्त एक जागा उरली होती. खाडीच्या दक्षिण टोकाला डोंगराखाली एक लहानसं गाव आहे, तिथं रस्ता जात नाही, होडीनंच जावं लागतं. तिथं काही परदेशी पोरं येऊन राहिलेली आहेत म्हणतात. ‘झोपेत मला होडी धरता येत नाही, अलके,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी आलं की जाग येते.’ डॉक्टरांना त्यांनी एवढंच कळवलं की मला एकदा जाऊन येऊ द्या, तिथं तो नसला तर तुम्हाला करायचं ते करा.

डॉक्टरांना विमानप्रवासाची मनाई होती. मीनलची मुलगी तान्ही होती. मग फार्मसीतून रजा काढून त्यांच्याबरोबर मी गेले. हिवाळा सरत आलेला होता. तिथं उतरलो तर कडक ऊन आणि हवेत चुलीवर भाजलेल्या मक्याचा वास. माझ्याकडे नकाशा होता, तो पर्समधून बाहेर काढायची वेळच आली नाही. सामान टाकल्याबरोबर शरयूताई चालायला लागल्या. गोट्यांचा रस्ता, चर्च, माथ्याला बांबूंचा सांगाडा आणि डागडुजी चाललेली, मग नदी, मग झुलता पूल. पूल पायाखाली हलायला लागला तेव्हा मला पोर्ट्सवुडमधली मी आठवले. त्या कुठंच थबकल्या नाहीत. रस्त्यातला एक दगड निखळलेला होता, तो त्यांनी न बघता ओलांडला. मी त्यावर ठेचकाळले.

दक्षिणेच्या किनाऱ्यावर आम्ही बसलो. आमच्याबरोबर हॉटेलात काम करणारी लुपे नावाची मुलगी होती, तिला इंग्रजी यायचं म्हणून मी तिला दिवसापुरती घेतली होती. एक शहाळीवाला आला. काही न विचारता त्यानं शरयूताईंसाठी छत्रीची दिशा बदलली, शहाळं फोडलं, वर लिंबू न पिळता नुसतं मीठ टाकून दिलं. मग लुपेला काहीतरी म्हणाला. ती गोंधळली. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, ‘तो विचारतोय, बाई बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, आजारी होत्या का?’

मी स्वतःची समजूत घातली. सावळी, वयस्कर, अंगभर कापड गुंडाळलेली बाई त्याच्या नजरेला कुणासारखीही दिसत असेल. तिथल्या आज्याही रंगानं आपल्यासारख्याच असतात. शरयूताईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि शहाळं पीत राहिल्या. या किनाऱ्याचं नाव काय, असं मी उगीच विषय बदलायला लुपेला विचारलं. मेलेल्यांचा किनारा, ती म्हणाली, फार जुनं नाव आहे. मला नको तिथं तोंड घातल्यासारखं झालं. शरयूताईंना ते ठाऊक होतंच. अनीचे बूट इथंच मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीत बसलो. शरयूताईंनी दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता आणि डोळे मिटले होते. होडी आपटत आपटत चालली. पाण्यातून वर आलेले कमानीचे खडक गेले, मग नुसता हिरवा डोंगर. गाव आलं तेव्हा एका माणसानं त्यांना अलगद उचलून वाळूवर ठेवलं. त्या उभ्या राहिल्या, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि मला म्हणाल्या, ‘अलके, आता कुठं जायचं?’

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला रस्ता विचारलेला मी ऐकला नव्हता. मीच पुढं झाले, दिसेल त्या पायवाटेनं. गाव साधंच होतं. कौलाची घरं, कोंबड्या, डोक्यावर केकचा डबा घेऊन फिरणाऱ्या बाया, वर गेलं की धबधबा. परदेशी माणसंही होती, दाढ्या वाढवलेली, उन्हानं तांबडी झालेली. शरयूताई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत चालल्या होत्या. पस्तिशीच्या आसपासचा माणूस दिसला की त्यांची चाल मंद व्हायची. ओढ्याकाठी एकजण पाठमोरा बसून जाळं दुरुस्त करत होता. मान, खांदे, कानामागचे केस. फोटोतला मुलगा थोडा जाड झाला असता तर असाच दिसला असता. शरयूताई त्याच्याजवळ गेल्या. त्यानं वळून पाहिलं. तिथलाच कोळी होता, तोंडात दोरा धरलेला.

त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि तो भला माणूस तोंडातला दोरा तसाच ठेवून, हलला नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘इथंही नाही,’ म्हणाल्या. परतीच्या होडीत त्यांनी डोळे मिटले नाहीत, पाण्याकडे बघत बसल्या. किनारा जवळ आला तेव्हा एवढंच बोलल्या, ‘यांना म्हणावं, या नोव्हेंबरात करा.’

विधी झाला त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत धूर होता. आकाशात फटाके फुटत होते आणि गुरुजींना मंत्र मोठ्यानं म्हणावे लागत होते. डॉक्टर धोतर आणि त्यावर स्वेटर घालून पाटावर बसले होते, दर्भाच्या त्या लहानशा माणसावर एकेक पान ठेवत होते. त्यांचे हात पेशंट तपासतानासारखे स्थिर होते. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या जॉर्जचं डोकं वर आलं. त्याच्या कडेवर नात होती. ‘फारच सुंदर केलाय तुम्ही तुमचा माणूस,’ तो इंग्रजीत म्हणाला, ‘नारळाची कल्पना तर मला आवडली.’ ‘थँक यू, जॉर्ज,’ डॉक्टर म्हणाले, आणि अग्नी दिला. मी त्या वेळी हसले का रडले ते मला आज सांगता यायचं नाही.

शरयूताई माझ्याशेजारी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पळसाची पानं पेटली तशी त्यांची बोटं माझ्या कोपरात रुतली. ‘तिकडचे दिवे चाललेत,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘आधी डोंगरावरचे गेले. आता बाजारातले.’ मी त्यांना धरून उभी राहिले. नारळ तडकला तेव्हा त्यांनी मला सोडलं. ‘आता काही दिसत नाही गं,’ म्हणाल्या, आणि आत जाऊन गुरुजींसाठी दूध तापवायला लागल्या.

डॉक्टर त्यानंतर निवांत झाले. जे हृदय वर्षभरही टिकणार नाही असं त्यांना वाटत होतं, ते टिकलं. आम्हाला ग्लासगोला जायचं ठरलं, श्रीनिवासला तिथं चांगली जागा मिळाली होती. निघायच्या आधी निरोप घ्यायला मी बर्व्यांकडे गेले, तर माझ्याबरोबर एक नवं जोडपं होतं. मुलगा श्रीनिवासच्या हाताखाली होता आणि त्याची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको, हातात अजून हिरवा चुडा. ते दोघं मधुचंद्राला वायार्ताला निघाले होते. वाटेत मीच त्यांना म्हणाले होते की आमच्या ताईंकडून गाव समजून घ्या, नकाशाची गरज पडायची नाही. आता वाटतं, मला स्वतःलाच ते ऐकायचं होतं.

शरयूताईंनी चहा केला, चिवडा काढला. मुलीनं मोठ्या उत्साहानं विचारलं, मावशी, आम्ही वायार्ताला चाललोय, तिथं काय काय बघायचं?

शरयूताई तिच्याकडे प्रसन्नपणे बघत राहिल्या. ‘मला नाही गं माहीत,’ म्हणाल्या. ‘मी त्या बाजूला कधी गेलेच नाही. तिथं समुद्र आहे का?’

मुलगी हसली आणि सांगायला लागली. समुद्र आहे, नदी आहे, नदीत बेट आहे, बेटावर बाजार आहे. ब्रोशरमध्ये वाचलेलं ती सांगत होती आणि शरयूताई गालाला हात लावून, प्रथमच ऐकावं तसं मन लावून ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी ‘अगंबाई, छान आहे की’ असंही म्हटलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला होता. आकृतीला अग्नी दिला तेव्हा ते माझ्या मनाला पटलं नव्हतं. अनी गेला, हे मला त्या चहाच्या वेळी कळलं.

निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. मुलीच्या हातावर साखर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला. ‘मजा करा,’ म्हणाल्या, ‘पण पाण्यात फार आत जाऊ नका हं.’ कुठलीही मावशी कुठल्याही नव्या जोडप्याला सांगते, तेवढ्याच सहज आवाजात त्या हे म्हणाल्या, आणि वारं सुटलं होतं म्हणून पदर सावरत घरात गेल्या.